पाचव्या घुमटाची काजळी

बेयपनारच्या बेदेस्तेनचा इतिहास ऐकायचा तर नाझ्मी उस्ताच्याच तोंडून, असं सगळं गाव म्हणायचं. त्या छताखालच्या दगडी बाजाराच्या चारही लोखंडी दरवाजांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असत. परगावचे पाहुणे आले की तो छातीवर हात ठेवायचा, घसा साफ करायचा आणि सुरू व्हायचा. शाळेचा तर उंबरठासुद्धा त्याने चारच वर्षं झिजवला होता, पण बेदेस्तेनच्या बाबतीत त्याच्यापुढे पंतोजी गप्प बसत.

"कुण्या एका वजिरानं हा बांधला. इथल्या भाड्यावर शेजारच्या मशिदीचे दिवे जळायचे अन् गरिबांची सुपाची कढई चढायची. सहा घुमट, दोन खांब. भिंत एवढी जाड, की तिच्यात गाढव आडवं मावेल. हसू नका, आजोबांच्या वेळी मोजून बघितलंय! लोक हजला निघाले की दागिन्यांची पेटी घरी नाही, इथं ठेवून जायचे. भूकंपात तिसरा घुमट खाली आला, पुन्हा चढवला. मोठ्या लढाईत इथं फौजेचा गहू होता. मग समुद्रापलीकडून हुसकावलेली माणसं आली, ती दोन हिवाळे या खांबांना गोधड्या बांधून राहिली. माझी आई त्यातलीच."

मग तो हात वर करून एकेक घुमट दाखवायचा. पाचव्या घुमटापाशी मात्र त्याची मान वर जात नसे. कुणी विचारलंच, "हा एवढा काळा कसा हो?" तर तो पुढे चालू लागे आणि पाठमोराच म्हणे, "जुनी आग. सुलतानाच्या काळातली."

ही एवढी एक थाप सोडली तर त्याच्या इतिहासात खोट नव्हती. पण ती थाप अशी, की बाकीचं सगळं खरं तिच्यासमोर लटकं पडावं.

ती आग सुलतानाच्या काळातली नव्हती. ती एकोणीसशे अडुसष्टच्या जानेवारीतली होती, शुक्रवारच्या दुपारची होती, आणि ती नाझ्मीने लावली होती.

त्या वेळी तो सव्वीस वर्षांचा होता. पाचव्या घुमटाखाली त्याचं रजयांचं दुकान होतं. शेजारी वेहबीचं. वेहबी बायकांचे छापील रुमाल विकायचा, काठाला सुईने विणलेल्या फुलांची झालर असलेले. दोघांच्या दुकानांमध्ये एक फळकुटाची भिंत, तीही नावापुरती. वेहबी तिच्यापलीकडून जोक मारायचा आणि नाझ्मी टाका घालता घालता हसायचा.

बेदेस्तेनचा एक कायदा होता, आणि तो दगडाइतकाच जुना होता: आत विस्तव नाही. दिवा नाही, शेगडी नाही, विडी नाही. चहा बाहेरून यायचा, तोही प्याल्यात ओतलेला. पश्चिमेच्या दरवाजाशी वाळूचं मडकं होतं. सिगारेट ओढणाऱ्याने ती त्यात विझवायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. कापूस, रेशीम, लोकर, लोकांच्या ठेवी, सगळं एका छताखाली. एक ठिणगी म्हणजे सगळ्यांच्या तोंडची भाकरी. नवा दुकानदार गादीवर बसायचा तेव्हा चौधरी हाजी रागिप सगळ्यांदेखत त्याच्याकडून हीच एक शपथ घ्यायचा. नाझ्मीनेही घेतली होती.

पण त्या जानेवारीत थंडी अशी पडली की दगड घाम सोडण्याऐवजी बर्फ सोडू लागले. नाझ्मीकडे एका नवरीची रजई होती, साटीनची, मधोमध डाळिंब आणि कडेने वेली. लग्न रविवारी. बोटं अशी गारठायची की सुई कुठे टोचतेय ते रक्त दिसल्यावर कळावं. तेव्हा त्याने घरातलं तांब्याचं तसराळं कोटाखाली लपवून आणलं, त्यात निखारे, वर राखेचा थर, आणि ते कामाच्या चौरंगाखाली सरकवलं. तीन दिवस कुणाला पत्ता लागला नाही. तीन दिवस बोटं शहाण्यासारखी चालली. चोरी पचली की माणसाला ती हुशारी वाटू लागते.

शुक्रवारी अजान झाली. रीतीप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या दारात स्टूल आडवं ठेवलं. स्टूल आडवं म्हणजे मालक नाही, आणि आडव्या स्टुलापलीकडे पाऊल टाकणारा माणूस बेयपनारमध्ये जन्मायचा होता. वेहबी म्हणाला, "चल की रे, रजई पळून जातीय का तुझी? नवरीपेक्षा तूच जास्त लाजतोयस." नाझ्मी घाईत उठला. तसराळ्यावर राख ओढायची राहिली. ते त्याला मशिदीत कपाळ जमिनीला टेकल्यावर आठवलं.

तो उठला नाही. नमाज मोडून कसं पळायचं, लोक विचारतील, एवढ्यात काय होतंय, असा विचार त्याने केला. याची लाज त्याला पुढे आगीपेक्षाही जास्त वाटायची. कारण आग ही चूक होती, आणि हे काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

दोनच दुकानं जळाली. भिंती जाड म्हणून, आणि लोक पन्नास पावलांवर म्हणून. घुमट मात्र कढईच्या बुडासारखा झाला. धूर निवळल्यावर नाझ्मी सगळ्यांच्या आधी आत घुसला. लोकांना वाटलं, पोराचं सर्वस्व गेलं, वेडापिसा झालाय. तो राखेत हात घालून तसराळं शोधत होता. सापडलं. ते कोटाखाली घेऊन तो रडत बाहेर आला. रडणं खरं होतं. पोटावर तांबं भाजत होतं, त्याचा वण अखेरपर्यंत राहिला.

संध्याकाळच्या आत हाजी रागिपने सगळ्या दुकानदारांना मशिदीच्या अंगणात बसवलं. आगीचं मूळ शोधायला फार डोकं लागलं नाही. वेहबीची सवय सगळ्यांना ठाऊक होती. तो सिगारेट पुरी ओढत नसे; मडक्यात अर्धी विझवायची आणि उरलेली अर्धी खिशात टाकायची, नमाजनंतर ओढायला.

"आज सकाळी विझवली होतीस?" हाजीने विचारलं.

"विझवली होती, दादा. विझवतोच मी." वेहबी म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... वाळूत खुपसली होती. विझली असणार. नेहमी विझते."

"खिशात होती?"

"कोटाच्या. हातपाय धुवायला काढून कोट दुकानातच ठेवला होता."

मग हाजी नाझ्मीकडे वळला. "तू शेजारी. खरं सांग. यानं आत कधी ओढलेली तू पाहिलीस?"

नाझ्मीने मान खाली घातली आणि म्हणाला, "मी पाहिलं नाही."

शब्द न् शब्द खरा होता. पण ते ज्या आवाजात निघालं, त्यातून सगळ्यांनी ऐकलं, की पोरगं मित्राला पाठीशी घालतंय. एका म्हाताऱ्याने तर त्याची पाठ थोपटली: "स्वतःचं दुकान जळलं, तरी दोस्ताविरुद्ध बोलला नाही. आईचं दूध प्यालाय!" नाझ्मी तिथेच मातीत गडप झाला असता तर बरं झालं असतं. पण माती अशी वेळेवर फाटत नाही.

वेहबीचा गाळा काढून घेतला. वर्गणी जमवून नाझ्मीचं दुकान उभं करून दिलं. घरी बायकोने, मेलाहातने, चार दिवसांनी विचारलं, "तसराळं कुठंय हो?"

"कुठलं?"

तिने त्याच्या पोटावरच्या फडक्याकडे पाहिलं. पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या बाजाराला नवं तसराळं आणलं, आणि त्या हिवाळ्यात त्याला गरम सूप वाढताना ती त्याच्याकडे बघत नसे. सांगायचं असतं तर त्याच आठवड्यात सांगता आलं असतं. मग महिना झाला, मग वर्ष. न बोललेल्या गोष्टीला दिवसागणिक जडपणा येतो, आणि माणूस म्हणतो, आता कशाला.

वेहबीने गाव सोडलं नाही. पश्चिमेच्या दरवाजाबाहेर, बेदेस्तेनच्याच भिंतीला टेकून, त्याने दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकली आणि तिच्यावर रुमाल मांडले. बर्फात, उन्हात, तिथेच. आत पाऊल टाकलं नाही. पाऊस लागला की नाझ्मी दारातून हाक मारायचा, "ये रे आत, भिजतोयस."

"नको बाबा. मी आत आलो की तो घुमट माझ्याकडं बघतो."

"घुमटाला डोळे असतात का?"

"तुला नसतील दिसत. तू त्याचं काही वाकडं केलेलं नाहीस ना."

हे तो टोमणा म्हणून बोलत नसे, हेच तर वाईट होतं. टोमणा असता तर नाझ्मीने तो आनंदाने पदरात घेतला असता. वेहबीला मनापासून वाटू लागलं होतं, की आग त्यानेच लावली. पहिले काही महिने तो म्हणे, "विझली असणार." मग म्हणे, "कोण जाणे." वर्षभराने म्हणू लागला, "माझ्या हातून झालं." सिगारेट तर त्याने त्याच संध्याकाळी सोडली होती.

आणि ईद यायची. वर्षातून दोनदा. नमाज झाली की मशिदीच्या अंगणात सगळे रांगेने एकमेकांच्या गळ्यात पडत, वर्षभराचं उणंदुणं माफ करत. वेहबी रांग मोडून आधी नाझ्मीकडे यायचा. सगळ्यांदेखत त्याचे दोन्ही हात धरायचा.

"तुझं दुकान माझ्यापायी जळलं. तुझा माझ्यावर हक्क आहे. तो सोड, हलाल कर, भावा."

आणि नाझ्मी म्हणायचा, "हलाल असो."

दर ईदला. लोक डोळे पुसायचे. अशी दोस्ती बघायला मिळत नाही म्हणायचे. इकडे नाझ्मी ईदच्या बकलावा-मिठाईला हात लावत नसे. ज्याचे पाय धरायचे तोच आपल्यापुढे हात पसरतो आणि आपण दानशूराच्या थाटात त्याला माफी वाटतो. सोंग किती वर्षं वठवावं, त्यालाही काही मर्यादा असते. नाझ्मीला ती सापडली नाही. दोनदा तीनदा त्याने ठरवलं, की या ईदला उलट आपणच हात धरायचे. प्रत्येक वेळी वेहबी आधी पोचायचा. वेहबी नेहमी आधी पोचतो म्हणून राहून गेलं, असं तो स्वतःला सांगायचा.

पुढे कारखान्याच्या रजया आल्या, हाताची सुई कुणाला नको झाली. मेलाहात गेली. दुकानं एकेक करून बंद पडली आणि बेदेस्तेनच्या किल्ल्या नाझ्मीच्या कमरेला आल्या, कारण त्याच्याइतका भरवशाचा माणूस गावात दुसरा नव्हता. हे गाव म्हणत होतं, मी नव्हे.

सत्त्याण्णवच्या शरद ऋतूत वेहबी अंथरुणाला खिळला. मंगळवारी नाझ्मी त्याला बघायला गेला. या वेळी तो खरंच सांगायला गेला होता. वाटेत त्याने वाक्य पाठ केलं होतं: वेहबी, शेगडी माझी होती. पोरालाही म्हणता येईल एवढं सोपं वाक्य.

वेहबी नाझ्मीनेच शिवलेल्या रजईखाली होता. गालांची हाडं वर आली होती. सानियेने, त्याच्या बायकोने, चहा आणून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

"बरं झालं आलास," वेहबी म्हणाला. "तुझ्याकडं एक काम होतं."

"बोल ना."

"मेलो की मशिदीच्या अंगणात मला दगडावर ठेवतील. नमाज पढवणारा होजा विचारेल, हलाल करता का म्हणून. सगळे म्हणतील, त्यांचं काय जातंय! पण तुझा आवाज मला ऐकू आला पाहिजे. तू जोरात म्हण. तू म्हणालास की मी निश्चिंत."

"वेहबी..."

"बाकी कुणाचं मला भ्या नाही. रुमाल मापात विकले. एक तुझंच ओझं आहे."

हीच ती वेळ होती. याहून चांगली वेळ देव कुणाला देत नाही. दार बंद होतं, ऐकायला दोघंच होते, आणि एका वाक्याने मरणाऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. नाझ्मीच्या जिभेवर ते वाक्य आलंही. पण त्याने वेहबीचे डोळे पाहिले, त्यातला विश्वास पाहिला, आणि तो विश्वास विझताना बघायची त्याची छाती झाली नाही. मरणाऱ्याला त्रास नको, असं त्याने मनाशी म्हटलं. खरा त्रास कुणाला नको होता, ते सांगायला नको.

"म्हणेन जोरात," तो म्हणाला. चहा प्याला आणि घरी आला.

शुक्रवारी पहाटे वेहबी गेला.

दुपारच्या नमाजनंतर अंगण भरलं. हिरवं कापड पांघरलेला ताबूत दगडावर, डोक्याच्या बाजूला कुणीतरी वेहबीच्या फळीवरचा एक रुमाल बांधला होता. पुरुष रांगांनी पुढे, बायका मागे भिंतीशी. लोकांनी आपण होऊन नाझ्मीला पहिल्या रांगेत, वेहबीच्या मुलाशेजारी, इल्हामीशेजारी उभं केलं.

मुअम्मर होजाने विचारलं, "मयताला तुम्ही कसं ओळखत होता?"

"चांगलं ओळखत होतो!" अंगण म्हणालं.

"तुमचे त्याच्यावर काही हक्क असतील, ते हलाल करता?"

"हलाल असो!"

नाझ्मीचे ओठ हलले नाहीत. आणि सगळं अंगण नेमका त्याचाच आवाज ऐकायला कान लावून होतं, त्यामुळे शेदोनशे माणसांच्या ओरडण्यात एकट्याचं गप्प बसणं सगळ्यांना ऐकू गेलं. होजाने त्याच्याकडे पाहून दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा तेच. मागून कुणीतरी दात-ओठ खात म्हणालं, "अरे, जन्मभर माफ केलंस, आता मढ्यासमोर अडून बसतोस होय?"

इल्हामी वळला. त्याचे डोळे लाल होते. "नाझ्मी काका," तो हळूच म्हणाला, "बाबांनी तुमच्याकडं शब्द घेतला होता. म्हणा ना. हात जोडतो."

आता पोरगाही हात जोडणार होता. नाझ्मीच्या पोटावरचा वण निखारा ठेवल्यासारखा जळू लागला.

"माझा त्याच्यावर कसला हक्क," तो म्हणाला. "त्याचाच माझ्यावर आहे. ती आग माझी होती."

पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. होजाने डोळे मिटले. इल्हामीने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मग तो म्हणाला,

"जोरात बोला. आई मागं उभी आहे, तिला ऐकू गेलं नसेल."

शरमेने मरणं म्हणतात ते आपण फार हलक्याने म्हणतो. नाझ्मी मागे वळला. आयुष्यभर ज्यांनी त्याची पाठ थोपटली त्या सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. पाहुण्यांना इतिहास सांगायचा त्याच आवाजात, त्याला दुसरा मोठा आवाज माहीतच नव्हता, त्याने सांगितलं: "मी निखाऱ्याचं तसराळं आत आणलं होतं. चौरंगाखाली ठेवलं होतं. राख ओढायची राहिली. आग त्यातून लागली. राखेतून तसराळं मीच उचलून नेलं. वेहबीची सिगारेट विझलेली होती."

बायकांच्या रांगेतून सानिये दोन पावलं पुढे आली. कुणी तिला अडवलं नाही.

"एकोणतीस वर्षं," ती म्हणाली, "आमच्या घरात त्यानं काडी ओढली नाही. चूल मी पेटवायची. वीज गेली अन् मी शेजारी असले, तर मी येईस्तोवर अंधारात बसून राहायचा. नातीच्या वाढदिवसाच्या मेणबत्तीपासून उठून बाहेर गेला. म्हणायचा, सानिये, माझ्या हाताचा भरवसा नाही. मी आख्खं घर जाळीन."

नाझ्मी खाली बसला, अंगणातल्या ओल्या फरशीवर, आणि हात पसरून म्हणाला, "वहिनी, हलाल करा. त्याच्या जागी तुम्ही करा."

सानिये त्याच्याकडे बघत होती. तिच्या आवाजात चीड नव्हती. हिशेब सांगावा तसं ती म्हणाली,

"हा हक्क माझा असता तर सोडला असता रे. मंगळवारी तो तुझ्यासमोर तासभर होता."

होजाने खूण केली आणि ताबूत उचलला. लोक पुढे धावले, जो तो खांदा द्यायला. नाझ्मीला कुणी बाजूला सारलं नाही, कुणी जागाही केली नाही. माणसं त्याला वळसा घालून गेली, आणि तो उठला तेव्हा अंगणात तो आणि रिकामा दगड, एवढेच उरले होते.